कॅमेऱ्याकडे पाठ

नवरात्र संपलं की आमच्या नेरूळमध्ये संध्याकाळ सरळ अंगावर येते. परवापरवापर्यंत साडेसहाला खिडकीतून खाडीकडचं आभाळ दिसत असतं, आणि मग एक दिवस चहाचा कप विसळून वळावं तर बाहेर काळोख. दुपारचं ऊन असं, की दोरीवरच्या कपड्यांना भाजल्यासारखा वास येतो. सूर्य टेकला की त्या तापलेल्या हवेत सुकं गवत आणि ओहोटीचा चिखल यांचा मिसळलेला वास उतरतो. आता गवत उरलंय तरी कुठे? आमच्या सोसायटीच्या मागे कोर्टात अडकलेला एक प्लॉट आहे, तेवढाच. पण तेवढं गवत पिवळं पडलं की माझी मान आपोआप ताठ होते. रिक्षातून उतरताना किल्ली बोटांच्या मध्ये धरली जाते. केस पांढरे व्हायला लागले, मुलगी कॉलेजात गेली, तरी ऑक्टोबरातली ती तिन्हीसांज माझ्या अंगातून गेलेली नाही.

मी अकरावीत होते तेव्हा इथे इमारती कमी आणि गवत जास्त होतं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. स्टेशन नवंकोरं, मोठंच्या मोठं आणि रिकामं. स्टेशनपासून आमच्या सेक्टरपर्यंत डांबरी रस्ता होता, पण तो लांबून वळसा घालून जायचा. म्हणून सगळे मधल्या मोकळ्या जागेतून पायवाटेने येत. पावसाळा संपला की तिथलं गवत माणसाच्या खांद्याला लागायचं. वारा नसतानाही त्यात काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. एका बाजूला डोंगर, त्यात दगडाच्या खाणी. दुपारी तिथे सुरुंग लागला की आमच्या कपाटातले स्टीलचे डबे किणकिणायचे आणि थोड्या वेळाने खिडकीच्या गजांवर पांढरी भुकटी बसायची. खाणीत काम करणारी माणसं डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या झोपड्यांतून राहत. संध्याकाळी तीही त्याच गवतातून बाजारात यायची. आम्ही त्यांना ओळखत नव्हतो. पारू सोडून.

पारू आमच्याकडे भांडी घासायला यायची. साताऱ्याकडची. तिचा नवरा हणमंता खाणीत दगड फोडायचा. मी त्याला एकदोनदाच पाहिलं होतं. उंच, काळा, भुकटीने केस पांढरे झालेले, डोक्याला मळकं फडकं गुंडाळलेलं. आई म्हणायची, "पारू बोलते किती गोड, आणि हा माणूस बघ, बघूनच धडकी भरते."

धडकी कशामुळे भरायची, याचा तेव्हा विचार केला नव्हता. आता करते. त्याच सुमाराला आमच्याकडे केबल आली होती. आधी दोन चॅनेल होती, आता बटण दाबत बसायचं. शनिवारी पिक्चर, रविवारी पिक्चर, आणि प्रत्येक पिक्चरमध्ये तो एक प्रसंग. एकटी बाई, मागे पावलं, ते वाजणारं संगीत. ती पळते, तिचा पदर कशाला तरी अडकतो. मागून येणारा माणूस काळा, दाढी वाढलेला, गळ्यात रुमाल, तोंडात विडी. बाबा तेवढ्यापुरते उठून पाणी प्यायला जात आणि आई माझ्याकडे न बघता म्हणे, "पुढे कर ते." पुढे केलं तरी मला शेवट माहीत असायचा. बाई एक तर मरायची, नाहीतर गप्प व्हायची. नंतर भाऊ किंवा प्रियकर सूड घ्यायचा आणि ती पिक्चरभर कुठेच नसायची. रोज क्लासहून येताना गवतातून चालायचे तेव्हा ते संगीत माझ्या कानात आपोआप सुरू व्हायचं. पावलं ऐकू आली की मागे न बघता मला माणूस दिसायचा. काळा. डोक्याला फडकं.

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये सुनंदाताई राहायच्या. पस्तिशीच्या, लग्न न केलेल्या, फोर्टातल्या एका विमा ऑफिसात नोकरीला. सोबत त्यांचे वडील, निवृत्त मास्तर, ऐकायला कमी येणारे. ताई कॉटनच्या साड्या नेसायच्या आणि येताना स्टेशनबाहेरून भाजी घेऊन यायच्या. मला गणितात अडलं की मी त्यांच्याकडे जायचे.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यातच ते झालं. संध्याकाळी दारावर थापा पडल्या. आईने दार उघडलं. ताई उभ्या होत्या. केसांत गवताची कुसळं, ब्लाउजची बाही खांद्यापासून फाटलेली, एका पायात चप्पल नाही. हातात भाजीची पिशवी मात्र तशीच होती. आई काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "आमच्या बाबांना सांगू नका लगेच. मला आधी बसू दे."

त्या आमच्या सोफ्यावर बसल्या. कोणीतरी मागून धरून गवतात ओढलं होतं. त्यांनी पिशवीतला नारळ त्याच्या तोंडावर हाणला, तो कळवळला, ह्या सुटल्या. सांगताना आवाज स्थिर होता. फक्त दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर दाबून धरले होते. बाबा म्हणाले, "पोलिसांत जायचं का? म्हणजे, तुम्ही ठरवा." आई मागून त्यांना खुणेने नको-नको म्हणत होती.

"जायचं," ताई म्हणाल्या. "मी त्याला बघितलंय. इस्त्रीचा शर्ट होता. पट्ट्याचं घड्याळ. अंगाला पावडरचा वास येत होता. ऑफिसातून आलेला माणूस वाटला मला."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चौकीतही त्यांनी हेच सांगितलं, बाबा सोबत होते.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली. बाबा ती वाचत असताना मी मागे उभी राहून वाचली. वर एक रेखाचित्र होतं. मोकळ्या केसांची, आखूड स्कर्टातली मुलगी, तोंडावर हात, आणि तिच्यावर पडलेली एका पंजाची मोठी सावली. खाली लिहिलं होतं, की एकट्या राहणाऱ्या तरुणीवर रात्रीच्या अंधाराचा फायदा घेऊन हल्ला झाला. पुढे, निर्जन वाटेने जाण्याचा मोह महिलांनी टाळावा. आणि शेवटी, परिसरातल्या खाण वसाहतीतील समाजकंटकांचा उपद्रव वाढला आहे.

आई म्हणाली, "रात्री कुठे? साडेसहा वाजले होते."

"आणि एकटी कुठे? मास्तर आहेत की," बाबा म्हणाले. मग त्यांनी पेपर घडी करून टीपॉयच्या खाली सरकवला, जणू तो उघडा राहिला तर घरात काही शिरेल.

इस्त्रीच्या शर्टाबद्दल एक ओळ नव्हती.

माझा क्लास बंद झाला. आईने विचारलंसुद्धा नाही, फक्त सांगितलं. संध्याकाळी साडेपाचनंतर आमच्या इमारतीतली एकही मुलगी खाली दिसेना. आम्ही गॅलऱ्यांत उभ्या राहायचो आणि गवत काळं होत जाताना बघायचो. जिन्यात बायका हळू बोलायच्या. "एवढ्या उशिरा यायचं कशाला?" "भाजी सकाळी नाही का मिळत?" "काहीतरी ओळखीचंच असणार." हे सगळं ताईंच्या दारासमोर, आणि ताईंचे वडील ऐकायला कमी येतं म्हणून दार उघडं टाकून बसलेले. मला कळायला लागलं, की गवतातला माणूस एकदा धरतो. नंतरचं धरणं सुटत नाही. मला स्वतःला त्या बातमीत बघायची भीती वाटू लागली. रात्री म्हणतील. एकटी म्हणतील. स्कर्ट घालतील मला.

करावे गावातून एक मावशी मासळी घेऊन यायची. ती जिन्यात टोपली उतरवताना आईला म्हणाली, "आमच्या गावाचा नाव पेपरान कवा येतं ठाव हाय? मारामारी झाली तं. एरवी आमी नायच." आई कसंनुसं हसली. मावशीने बोंबील मोजून दिले आणि दिवस मावळायच्या आत गेली. तीही घाबरलेली होती.

मग हणमंताला धरलं.

खाणीतून बाजारात येताना तो त्या दिवशी त्याच वाटेवर होता, असं कोणीतरी सांगितलं म्हणे. हातावर खरचटलेलं होतं. दगड फोडणाऱ्याच्या हातावर दुसरं काय असणार? पण पेपरात त्याचा फोटो आला. चौकीच्या फरशीवर उकिडवा बसलेला, केसांत भुकटी, डोळे वर करून कॅमेऱ्याकडे बघत असलेला. फ्लॅशमुळे डोळे चकाकत होते. फोटोतला माणूस अगदी तसाच होता. पिक्चरमधला. इतकी वर्षं माझ्या मागून चालणारा. वाटलं, सापडला. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली.

सकाळी पारू आली. तिने भांड्यांना हात लावला नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि आईला म्हणाली, "वैनी, त्यांनी कायबी केलेलं न्हाई. समोरच्या ताईस्नी तुमीच इचारा. त्या म्हनल्या तर मी हितनं निघून जाते."

 आईने पारूला चहा दिला, पण स्वतः दाराजवळ उभी राहिली. दाराजवळ का उभी राहिली ते पारूलाही कळलं. तिने कप तसाच ठेवला आणि समोरच्या दाराची कडी वाजवली.

ताई तशाच चौकीत गेल्या. नंतर बाबांनी सांगितलं, की हणमंताला समोर आणलं तेव्हा तो भिंतीला धरून चालत होता, तळपाय सुजलेले होते. ताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हा नव्हे." चौकीतले साहेब म्हणाले, "मॅडम, अंधार होता, तुम्ही घाबरलेल्या होता." ताई म्हणाल्या, "घाबरले होते म्हणूनच नीट पाहिलं. हा नव्हे." त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि हणमंताला सोडलं.

पण तो सुटल्याची बातमी आली नाही. आम्ही रोज पेपर उघडून बघायचो. खाणीच्या मुकादमाने त्याला कामावर घेतलं नाही. पारूची दोन घरं सुटली. बाजारात दुकानदार त्याला उभं करेनात. शेवटी ताई त्या पेपरच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या माणसाने त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, "पकडला ही बातमी असते. सोडला ही नसते, मॅडम. आणि तुम्ही तरी कशाला पुन्हा विषय काढता? तुमचंच नाव खराब होईल."

आमच्या भागाचा केबलवाला दिलीप संध्याकाळी अर्धा तास आपल्या नेरूळच्या बातम्या दाखवायचा. पाणी कधी येणार, गणपती कोणाचा मोठा, साड्यांचा सेल. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा होता त्याच्याकडे. ताईंनी त्याला घरी बोलावलं. तो खूश होऊन आला, त्याला मोठी बातमी मिळाली होती. मी अभ्यासाची वही घेऊन तिथेच होते. कोणी मला जा म्हटलं नाही.

त्याने दिवा लावला. हॉल एवढा उजळला की भिंतीवरचे पोपडे दिसायला लागले. मग त्याने खुर्ची उचलून उलटी ठेवली. तोंड भिंतीकडे.

"ताई, तुम्ही इकडे पाठ करून बसा."

"का?"

"असंच असतं. सगळीकडे असंच दाखवतात. तुमची फक्त सावली दिसेल, आवाज मी जाडा करतो. टेन्शन घेऊ नका, कोणी ओळखणार नाही."

ताई खुर्चीजवळ गेल्या, पण बसल्या नाहीत.  मग त्यांनी विचारलं, "तू दुसऱ्याच्या बाबतीत असं का नाही केलंस?"

"कोणाच्या?"

"हणमंताच्या. पेपरातला फोटो तू पण दाखवलास ना रोज? त्याला नाही म्हटलं कोणी पाठ कर म्हणून."

दिलीप गोंधळला. "तो आरोपी होता ना, ताई."

"त्याने काही केलेलं नाही. मीही काही केलेलं नाही. त्याचा चेहरा घराघरात गेला आणि मी भिंतीकडे तोंड करून बसू? पाठीवर कोण विश्वास ठेवील?" त्यांनी खुर्ची फिरवली. ती फरशीवर करकरली. "हे असंच घे. नाहीतर राहू दे."

"ताई, विचार करा. उद्या ऑफिसात..."

"विचार करून करूनच घाबरले आहे," ताई म्हणाल्या. "लाव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते लागलं. आमची इमारत एरवी संध्याकाळी वेगवेगळ्या आवाजांची असे. त्या दिवशी सगळ्या घरांतून एकच आवाज येत होता. चौकटीच्या मध्यभागी ताई, कॉटनची साडी, दिव्याने चेहऱ्यावर घाम. "मी सुनंदा. संध्याकाळी साडेसहाला भाजी घेऊन येत होते. मी एकटी राहत नाही, आणि राहत असते तरी काही फरक पडला नसता. ज्याने मला ओढलं तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. पेपरात ज्याचा फोटो आला तो नव्हता. तो निर्दोष आहे. तो दिसला तर त्याला काम द्या." एवढंच. लगेच साड्यांच्या सेलची जाहिरात.

आईने टीव्ही बंद केला. तिच्या कपाळावर घाम होता. ती म्हणाली, "आता त्यानेही पाहिलं असेल."

"कोणी?" मी विचारलं.

"ज्याने केलं त्याने. त्याच्याकडेही केबल असेलच की."

मला अजून आठवतं, त्या वाक्यानंतर घर कसं दिसलं ते. ट्यूबलाइट, टीपॉय, बाबांचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर. असाच एखादा हॉल. अशीच एखादी बायको चहाचा कप पुढे करत असेल. तो कप घेत असेल, पडद्यावर ताईंकडे बघत असेल, कदाचित म्हणतही असेल, की काय दिवस आलेत. कदाचित आमच्याच इमारतीत. पेपरने मला घाबरायला एक चेहरा दिला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला घाबरणं सोपं होतं. तो डोंगरापाशी राहत होता, आपल्यात नव्हता. ताईंनी तो चेहरा काढून घेतला आणि त्या जागी दुसरा कुठलाच दिला नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात गुड मॉर्निंग म्हणणारे काका, सोसायटीचे सेक्रेटरी, क्लासचे सर, ज्यांच्या ज्यांच्या अंगाला पावडरचा वास होता त्या सगळ्यांच्या मनगटावर मी घड्याळ बघायला लागले. इतकी भीती मला गवतातसुद्धा वाटली नव्हती.

खरा माणूस कधीच सापडला नाही. ताई कामावर जात राहिल्या. ऑफिसात काही दिवस कोणी त्यांच्या शेजारी जेवायला बसलं नाही, मग बसायला लागलं. त्यांच्या अर्जामुळे पायवाटेवर दिव्याचे चार खांब आले. सोसायटीने हणमंताला बागेच्या कामावर घ्यावं म्हणून बाबांनी मीटिंगमध्ये विषय काढला. लोक म्हणाले, "तसं आमचं काही नाही, पण बायका घाबरतात." शेवटी तो मार्केटात गोण्या उचलायला लागला. माझा क्लास दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाला, ताईंनी आईला बसवून समजावलं तेव्हा.

आजही मुलीच्या मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपचा एखादा अंधुक फोटो येतो, खाली लिहिलेलं, असा माणूस फिरतोय, काळजी घ्या. ती मला दाखवते. मी विचारते, "असा म्हणजे कसा?" ती माझ्याकडे बघते. मी फार पुढे बोलत नाही. कारण मला ते दुसरं आठवतं, क्लास पुन्हा सुरू झाल्यावरचं.

थंडी पडायला लागली होती. मी पायवाटेने येत होते, नुकताच अंधार पडला होता. मागे पावलं वाजली. मी वेग वाढवला. मागचा माणूस मोठ्याने खाकरला. मग पुन्हा खाकरला, अगदी मुद्दाम, मी इथे आहे हे कळावं म्हणून. मी वळले. हणमंता होता. मी वळलेली दिसताच तो जागीच थांबला, दोन पावलं बाजूला झाला आणि खांबाखाली जाऊन उभा राहिला. डोक्याचं फडकं त्याने काढून हातात घेतलं. दिवा सरळ त्याच्या तोंडावर पडत होता.

"ताई, तुमी व्हा म्होरं," तो म्हणाला. "म्या हितं उजेडात थांबतो. तुमी घरला पोचलात की मग निघतो."

 तो मला घाबरला होता. अकरावीतल्या, दप्तर छातीशी धरलेल्या मुलीला. मी एखादी किंचाळी मारली असती तर काय झालं असतं, ते त्याच्या पायांना माहीत होतं.

तो पारूचा नवरा आहे हे मला ठाऊक होतं. त्याने काही केलेलं नाही हेही. मला म्हणायचं होतं, चला ना, बरोबरच जाऊ. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण कानात ते संगीत सुरू झालं होतं, आणि माझे पाय पळायला लागले होते.